जे नव्या फोनमध्ये येत नाही

१४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात एक बक्षीस समारंभ झाला. नोटाबंदीनंतर लोकांनी रोखीऐवजी कार्डानं आणि मोबाइलनं व्यवहार करावेत म्हणून केंद्र सरकारनं ‘लकी ग्राहक योजना’ काढली होती, तिच्या महासोडतीची ही बक्षिसं. एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला मिळालं. तिनं केलेला व्यवहार होता १,५९० रुपयांचा, आणि तोही कसला, तर नव्या मोबाइलच्या हप्त्याचा. त्याच दिवशी पंतप्रधानांनी नागपुरातूनच ‘भीम-आधार’ ही अंगठ्याच्या ठशावर पैसे देण्याची सेवा सुरू केली.

त्या सुमाराला फोन बदलणं सोपं होतं. सिम काढायचं, नव्यात घालायचं, नंबर उतरवून घ्यायचे. फोटो मेमरी कार्डावर असायचेच. पुढच्या काही वर्षांत पाकीट, पासबुक, गॅसचं बुकिंग, गाडीचं आरसी, सोसायटीचा ग्रुप असं सगळं त्या एका काचेमागं जाऊन बसलं. फोन घ्यायला अजूनही पंधरा मिनिटं लागतात. तो ‘आपला’ व्हायला मात्र दोन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांत होणारा बहुतेक मनस्ताप एका गैरसमजातून येतो.

तो गैरसमज नागपुरात बर्डीवरच्या मोबाइलच्या दुकानातच सुरू होतो. (पूर्ण ‘सीताबर्डी’ म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.) फोन घेताना आपण विचारतो, जुन्यातलं सगळं येईल ना? काउंटरमागचा पोरगा मान वर न करता म्हणतो, “येऊन जाते ना भाऊ, पूरा डेटा येऊन जाते.” तो खोटं बोलत नसतो. तासाभरात पडद्यावर शंभर टक्के उमटतात. वॉलपेपर तोच, पोळ्याचे नि गणपतीचे फोटो तेच, सकाळचा अलार्मसुद्धा आलेला. दुसऱ्या दिवशी तर्री पोह्याच्या ठेल्यावर क्यूआर स्कॅन करायला फोन काढावा, तर यूपीआयचं ॲप ओळखच दाखवत नाही. त्याचं चित्र नेहमीच्या जागी आहे, उघडलं की आत मात्र ‘मोबाइल नंबरची पडताळणी करा’. मागं चार जण ताटकळलेले. माणसाला वाटतं, डेटा नीट आला नाही. डेटा नीटच आलेला असतो. जे आलं नाही, ते यायचंच नव्हतं.

फोनमधल्या गोष्टींचे स्वभाव वेगवेगळे असतात. फोटो, व्हिडिओ, एसएमएस, कॉलची यादी यांची सरळ नक्कल होते. जीमेल किंवा डिजिलॉकरमधली कागदपत्रं मुळात फोनमध्ये नसतातच; ती दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असतात आणि नव्या फोनवर खात्यात शिरलं की समोर येतात. तिसरा प्रकार मात्र हट्टी. बोटाचा ठसा, फोनचं कुलूप, बँकेच्या ॲपची नोंदणी या गोष्टी त्या एका यंत्राला मुद्दाम जखडलेल्या असतात. त्यांच्या गुप्त किल्ल्या फोनच्या आतल्या एका बंदिस्त भागात तयार होतात आणि तिथून बाहेर काढण्याची सोयच ठेवलेली नसते. ती तुम्हाला नाही, दुकानदाराला नाही, ॲप लिहिणाऱ्यालाही नाही. याला त्रुटी म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी उलटा विचार करून पाहावा: केबल लावून तासाभरात तुम्ही तुमची बँक हलवू शकला असता, तर दुरुस्तीला दिलेल्या फोनमधून ती दुसऱ्या कुणालाही हलवता आली असती.

हे एकदा लक्षात आलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो. नकलेचं काम यंत्रावर सोडावं, आपण जातीनं हजर राहावं ते तिसऱ्या प्रकाराच्या वेळी. आणि ते पुरतं होईपर्यंत जुना फोन पुसायला घेऊ नये.

नकलेचं आधी उरकू. नवा अँड्रॉइड फोन पहिल्यांदा सुरू केला की भाषा आणि वायफाय विचारून झाल्यावर जुन्या फोनमधून ॲप्स आणि डेटा आणायचा का, असं तो विचारतो. इथं घाईघाईनं ‘नंतर’ दाबू नका. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, विवोचं ईझीशेअर यांसारखी कंपन्यांची स्वतःची साधनंही आहेत. आयफोनवरून आयफोनवर जायला क्विक स्टार्ट असतं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांसाठी ॲपलनं २०१५मध्ये ‘मूव्ह टू आयओएस’ आणलं, आणि त्याची वाट नव्या फोनच्या पहिल्या मांडणीच्या वेळीच उघडी असते. ती वेळ हुकली तर फोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शक्य असेल तर केबलच वापरावी. फक्त ती केबल डेटा नेणारी हवी. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी काहींत नुसत्या विजेच्या तारा असतात, डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, म्हणून केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो आणि दोन फोन एकमेकांना दिसत का नाहीत म्हणून डोकं धरून बसतो. मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनांचं पोर्ट अजून जुन्या यूएसबी २.० मानकाचं असतं. त्यातून सेकंदाला साधारण ३५ एमबी गेले, तर ६४ जीबीला अर्धा तास लागतो. प्रत्यक्षात जास्त लागतो, कारण एका मोठ्या सिनेमापेक्षा तेवढ्याच वजनाचे वीस हजार ‘शुभ सकाळ’ नेणं फोनला जड जातं. ते आधीच पुसले तर वेळ वाचेल, हा सल्ला मी देतो खरा, पण घरात तो अमलात आलेला पाहिलेला नाही.

आणखी एक बारकावा. गूगलच्या पद्धतीत ॲप्स जुन्या फोनमधून उचलली जात नाहीत. जाते ती फक्त त्यांची यादी, आणि नवा फोन ती प्ले स्टोअरवरून ताजी उतरवून घेतो. म्हणून शंभर टक्के झाल्यावरही फोन बराच वेळ कामात असतो. ॲपच्या आतला डेटा येईल की नाही, हे त्या ॲपच्या कर्त्यानं ठरवलेलं असतं. गूगलच्या ढगातल्या, म्हणजे क्लाउडवरच्या, बॅकअपमध्ये तर एका ॲपला २५ एमबीचीच जागा मिळते. मुलानं दोन वर्षं खेळलेला गेम पहिल्या पायरीवर जाऊन बसला, तर तो त्या गेमच्या खात्यात साइन-इन केलेला नव्हता एवढाच त्याचा अर्थ. पोरं हे फार मनाला लावून घेतात, तेव्हा आधी तपासलेलं बरं.

संपर्कांचा घोळ आपल्याकडं जुना आहे. एकाच फोनमध्ये काही नंबर सिमवर, काही फोनच्या पोटात, काही गूगल खात्यात असे तीन ठिकाणी पसरलेले असतात आणि पडद्यावर ते सगळे एकाच यादीत दिसतात. सिमवर नावाला मोजकी अक्षरं मावतात, देवनागरीत लिहिलं तर त्याहूनही कमी. ‘सुनंदा मावशी वर्धा’ची ‘सुनंदा मा’ होते. शिवाय सिमवर एका नावाला साधारणपणे एकच नंबर. त्यामुळं फोन बदलण्याआधी संपर्कांच्या ॲपमध्ये जाऊन सगळे नंबर गूगल खात्यात हलवून घ्यावेत, आणि त्यांची एक व्हीसीएफ फाइल काढून स्वतःलाच मेल करून ठेवावी. ही फाइल अँड्रॉइड, आयफोन, संगणक, कुठंही उघडते. दोन मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते या सगळ्या व्यापात याच्याइतकं स्वस्त विमाकवच दुसरं नाही.

फोटोंबद्दल लोक गूगल फोटोजवर डोळे झाकून विसंबतात. तिथं दोन खड्डे आहेत. पहिला जागेचा: १ जून २०२१पासून फोटोंची फुकट अमर्याद साठवण बंद झाली, आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. ते भरले की बॅकअप थांबतो, आणि आपण सूचना बाजूला सारत राहतो. दुसरा खड्डा कमी लोकांना ठाऊक असतो. गूगल फोटोज एरवी फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेली चित्रं यांचे फोल्डर स्वतःहून चालू करावे लागतात. लग्नातले चांगले फोटो आपण काढलेले नसतात, ते दुसऱ्यानं पाठवलेले असतात. म्हणजे नेमके तेच राहून जातात.

मेमरी कार्ड असेल तर ते उपसण्याआधी सेटिंगमध्ये बघा. अँड्रॉइड ६पासून काही फोनांमध्ये कार्ड ‘अंतर्गत साठवण’ म्हणून वापरता येतं. तसं केलेलं असेल तर कार्डावरचा मजकूर त्या फोनच्या किल्लीनं कुलूपबंद असतो, आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रात ते कार्ड निव्वळ कोरं दिसतं. फोन विकला की किल्लीही गेली.

आता व्हॉट्सॲप. इथं बहुतेक घरांत खरा जीव अडकलेला असतो. एकदा पोचलेला संदेश व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. म्हणजे ‘कंपनीकडं असेलच की’ हा दिलासा खोटा. तुमच्या गप्पा तुमच्या फोनवर असतात, आणि बॅकअप चालू असेल तर गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर. अँड्रॉइडवर पूर्वी हा बॅकअप गूगलच्या जागेत मोजला जात नसे. आता तोही त्याच १५ जीबीत धरला जातो, त्यामुळं महिनोन्‌महिने बॅकअप न झालेले फोन सर्रास दिसतात. फोन बदलण्याच्या आदल्या दिवशी ‘शेवटचा बॅकअप’ या ओळीपुढची तारीख वाचा. गेल्या दिवाळीची तारीख दिसली तर दचकायचं काम आहे.

ढग टाळायचा असेल तर २०२३पासून दुसरी सोय आहे. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्स, त्यात ‘ट्रान्सफर चॅट्स’. नव्या फोनवर तोच नंबर नोंदवला की तिथं एक क्यूआर येतो, तो जुन्या फोननं स्कॅन करायचा. दोन्ही फोनांचं वायफाय चालू हवं. गप्पा आणि फोटो एका फोनमधून थेट दुसऱ्यात जातात, मध्ये ढग नाही. ही सोय अँड्रॉइड ते अँड्रॉइड किंवा आयफोन ते आयफोन अशी सुरू झाली. एका पंथातून दुसऱ्यात जाणाऱ्यांसाठी आधीच वेगळे रस्ते निघाले होते: आयफोनवरून सॅमसंगवर २०२१मध्ये, अँड्रॉइडवरून आयफोनवर २०२२मध्ये. दोन्हींत नवा फोन कोरा असावा लागतो. नव्या फोनवर आधी चार दिवस व्हॉट्सॲप वापरायचं, मग सवडीनं जुन्या गप्पा आणायच्या, असं ठरवणाऱ्यांची इथं पंचाईत होते.

दुसरं म्हणजे, काही लोक बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड लावतात. ही एन्क्रिप्शनची सोय २०२१मध्ये आली आणि चांगलीच आहे, पण तो पासवर्ड विसरला तर व्हॉट्सॲपही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. त्यांच्याकडं किल्लीच नाही.

नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू झालं की नातेवाइकांच्या चॅटमध्ये ‘सुरक्षा कोड बदलला आहे’ अशी ओळ उमटू शकते, आणि मग एखाद्या काकांचा फोन येतो: “काय झालं बाप्पा, हॅक झालं का तुझं?” झालेलं काही नसतं. प्रत्येक फोनची गुप्त किल्ली वेगळी. जुनी किल्ली जुन्या फोनबरोबर राहिली आणि नव्या फोननं स्वतःची नवी घडवली, एवढंच ती ओळ सांगते. काकांची शंका मात्र चुकीची नाही. कुणी फोन बदललेला नसताना ती ओळ दिसली, तर त्या माणसाला साधा फोन लावून विचारावं. आणि व्हॉट्सॲप नोंदवताना येणाऱ्या सहा आकडी कोडाबद्दल एकच: तो मागणारा कितीही जवळचा वाटला, तरी देऊ नये.

गप्पा आल्या, फोटो आले. उरली ती यूपीआयची गोष्ट, जिच्यावर ठेल्यावरची फजिती झाली.

यूपीआय एप्रिल २०१६मध्ये आलं, भीम ॲप त्याच वर्षी ३० डिसेंबरला. त्याच्या रचनेत सुरक्षेचा पहिला खांब आहे तो फोन आणि सिम यांची जोडी. ॲप पहिल्यांदा नोंदवताना तुमच्या फोनमधून एक सांकेतिक एसएमएस आपोआप बाहेर जातो. तो ज्या नंबरवरून आला तो नंबर बँकेत नोंदलेला आहे का, हे पाहिलं जातं आणि मग ‘हा नंबर, या यंत्रात’ अशी गाठ बांधली जाते. ओटीपीसारखा येणारा एसएमएस दुसऱ्या फोनवर वाचून इथं टाइप करता येतो. जाणारा एसएमएस मात्र त्या सिमशिवाय त्या यंत्रातून जाऊच शकत नाही. म्हणून ही गाठ नकलेनं हलत नाही, नव्यानं बांधावी लागते.

ती बांधताना अडतं ते फार साध्या गोष्टींनी. सिम नव्या फोनमध्ये हवं. दोन सिम असतील तर बँकेतलं सिम निवडायला हवं. आणि रिचार्जमध्ये एसएमएस असायला हवेत. काही स्वस्त पॅकमध्ये ते नसतात, शिल्लकही शून्य असते, आणि ‘पडताळणी अयशस्वी’ पाहून माणूस बँकेला शिव्या घालतो. यूपीआय पिन नवा काढायची गरज सहसा पडत नाही. तो फोनमध्ये कधी साठवलेलाच नसतो, त्याची तपासणी बँकेकडं होते. खातं पुन्हा जोडलं की जुनाच पिन चालतो. मात्र नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत रकमेवर मर्यादा असू शकते. त्यामुळं गाडीचं बुकिंग किंवा पोरीच्या कॉलेजची फी ज्या दिवशी भरायची, त्या दिवशी फोन बदलू नये.

याहून वाईट अवस्था होते ती सिमही बदललं तर. जुन्या फोनचं मोठं सिम नव्या फोनच्या खाचेत बसत नाही, किंवा ई-सिम घ्यायचं असतं, म्हणून आपण कंपनीच्या दुकानातून नवं सिम आणतो. दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. तुमच्या नंबरचं सिम परस्पर काढून कुणी खातं साफ करू नये म्हणून हा नियम आहे. पण त्याचा अर्थ असा की त्या दिवशी ओटीपी नाही, यूपीआयची नोंदणी नाही, बँकेचं ॲप नाही. सिम आधी जुन्या फोनच्या मुक्कामातच बदलून घ्यावं, एक दिवस जाऊ द्यावा, मग नवा फोन उघडावा.

जुना फोन लगेच पुसू नका असं वर म्हटलं, त्याचं कारण इथंच आहे. नव्या फोनवर गूगल खातं उघडताना दुहेरी पडताळणी असेल, तर ‘हे तुम्हीच का?’ हा प्रश्न जुन्या फोनच्या पडद्यावर येतो. ऑथेंटिकेटर ॲपमधले सहा आकडी कोड वापरत असाल, तर तेही, खात्याशी जोडून ठेवले नसतील तर, जुन्या फोनमधूनच क्यूआरनं बाहेर काढायचे असतात. जुना फोन पुसला असेल तर नवा फोन ज्या साक्षीदाराला बोलावतो तो हयातच नसतो. घरपोच एक्स्चेंजमध्ये नेमकं हेच घडतं: नवा फोन आणणारा माणूस दारात उभा राहून जुना फोन मागतो, तोही पुसलेला. कोरा डबा हातात आणि जुना फोन पिशवीत. पाचशे-हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण जुना फोन आठवडाभर घरात राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जमणारच नसेल तर बॅकअप आदल्या रात्री पुरा करून, तो दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा संगणकावर दिसतो याची खात्री करावी.

आणि गूगल खात्याचा पासवर्ड? हा प्रश्न विचारला की अनेक घरांत शांतता पसरते. आईचा पहिला स्मार्टफोन घेताना दुकानातल्या पोरानंच तिच्या नावापुढं चार आकडे लावून जीमेल खातं काढलेलं असतं, पासवर्डही त्यानंच ठरवलेला. दुकान बंद पडलं, पोरगा पुण्याला गेला. किंवा मुलानं आपला जुना फोन न पुसता आईला दिलेला असतो. मग आईनं काढलेले वड्या-लोणच्यांचे फोटो मुलाच्या खात्यात जातात आणि मुलाच्या ऑफिसातल्या माणसांचे नंबर आईच्या यादीत दिसतात. फोन बदलताना हा गुंता सोडवायची संधी असते. जुन्या फोनमध्ये खातं उघडं असतानाच त्याचा रिकव्हरी नंबर आणि मेल तपासा, पासवर्ड नवा करा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. सुरक्षेचे जाणकार कागदाला नाक मुरडतील. पण सत्तरीतल्या माणसाच्या खात्याला परदेशातल्या हॅकरपेक्षा विसरण्याचा धोका मोठा असतो.

नागपुरात हा उद्योग एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर हवेचाही विचार करावा लागतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी सभोवतालचं योग्य तापमान ० ते ३५ अंश सांगतं. आपल्याकडं मेमधली दुपार पंचेचाळिशी गाठते. २३ मे २०१३ला पारा ४७.९वर गेला होता. २०२४च्या मेअखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या; नंतर हवामान खात्यानं तो संवेदकाचा दोष असल्याचं सांगितलं. डेटा हलवताना रेडिओ, पडदा, प्रोसेसर आणि चार्जिंग एकदमच चालू असतात, फोन आतूनच तापतो. तापला की तो स्वतःहून चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो आणि संथ होतो. तेव्हा कव्हर काढून, रात्री, कूलरच्या वाऱ्यात, पण तुषार उडणार नाहीत इतक्या अंतरावर दोन्ही फोन ठेवावेत. थंड करायला फ्रीजमध्ये ठेवण्याची हुशारी करू नये; बाहेर काढताच त्यावर दव धरतं आणि ते आतही जातं. लाइट गेली तर राउटरही जातो, हे लक्षात घेऊन दोन्ही बॅटऱ्या आधीच भरून घ्या.

जुन्या फोनचा पडदा फुटला असेल तर? दिसतं पण स्पर्श चालत नाही, अशी अवस्था असेल तर ओटीजीचं छोटं अडॅप्टर घेऊन त्याला संगणकाचा साधा माऊस लावून पाहा. पुष्कळ अँड्रॉइड फोनांवर बाण उमटतो आणि कुलूप उघडता येतं. काहीच दिसत नसेल तर आधी दुरुस्ती, मग बाकीचं. दुरुस्तीवाल्याला पिन द्यावा लागला, तर काम संपेपर्यंत तिथंच बसावं.

आठवडा गेला, सगळं चालू आहे, आता जुना फोन मोकळा करायचा. गेल्या काही वर्षांतल्या फोनांमध्ये साठवण एन्क्रिप्ट केलेली असते, म्हणून ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर किल्ली नष्ट होते आणि मागं राहिलेल्या मजकुराचा अर्थ कुणाला लावता येत नाही. फार जुन्या फोनांबद्दल ही खात्री नाही. ते विकण्यापेक्षा घरातल्या घरात वापरलेले बरे. मेमरी कार्ड आणि सिम मात्र स्वतः काढून घ्यायचं, रीसेटच्या घाईत ते विसरलं जातं. आणि रीसेटच्या आधी सेटिंगमधून गूगल खातं काढून टाकायचं. अँड्रॉइड ५.१पासून, म्हणजे २०१५पासून, चोरी रोखणारं एक कुलूप असतं: रीसेटनंतरही फोन आधीच्या खात्याचा पासवर्ड किंवा पिन मागतो. ते न काढता दिलेला फोन घेणाऱ्याच्या हातात नुसती वीट होऊन बसतो. आयफोनमध्ये यासाठी ‘फाइंड माय’ बंद करावं लागतं.

तुम्हीच जुना फोन विकत घेत असाल तर *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासा, किंवा केवायएम ही इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि तो नंबर असा एसएमएस १४४२२ला पाठवा. चोरीचा म्हणून काळ्या यादीत गेलेला किंवा नक्कल केलेला नंबर असेल तर तिथं कळतं. नंबर लिहून घेताना चूक होते. म्हणूनच त्याचा शेवटचा आकडा आधीच्या चौदा आकड्यांवरून ठरावीक हिशेबानं काढलेला असतो, एखादा आकडा चुकला तर तो हिशेब जुळत नाही. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. नवा घ्या किंवा जुना, बिलावर दोन्ही लिहून घ्या.